‘आत आलेले लोक’ म्हणजे नक्की कोण?



१० सप्टेंबर २०२४च्या ट्रम्प-हॅरिस डिबेटवर आता लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं, हे मला कळतं. निवडणूक झाली, निकाल लागला, तात्या पुन्हा व्हाइट हाउसमध्ये गेले. (ट्रम्पना ‘तात्या’ म्हणायला पहिली सुरुवात कोणी केली देव जाणे, पण नाव फिट बसलंय.) तरीसुद्धा आपल्याकडे चार मराठी कुटुंबं पॉटलकला जमली की कुणीतरी कुत्र्या-मांजराचा विनोद काढतोच. सगळे हसतात, आणि माझं डोकं फिरतं. का फिरतं ते एकदा सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हा प्रपंच.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. वय ३७, सांगलीत इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, २०१६ साली कंपनीने इकडे पाठवलं तेव्हापासून न्यू जर्सीत आहे. मी एच-वनवर, बायको एच-फोरवर. मुलगी दीड वर्षाची असताना आमच्याबरोबर विमानातून आली, म्हणजे तीही एच-फोर. ग्रीन कार्डाच्या रांगेत २०१८ सालचा नंबर. मतदानाचा हक्क अर्थातच नाही. त्यामुळे मी ना डावा ना उजवा. पाहुण्याने यजमानांचं भांडण ऐकावं तशी मी डिबेट बघतो. मध्ये बोलता येत नाही, पण वाटणीत आपण झोपतो ती खोली कुणाकडे जाणार याकडे कान असतो.

आता प्रत्यक्ष डिबेटबद्दल. फिलाडेल्फियाचं नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर, एबीसी चॅनल, डेव्हिड म्युअर आणि लिन्सी डेव्हिस हे दोन सूत्रसंचालक, ९० मिनिटं. समोर प्रेक्षक नाहीत आणि एकजण बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. हा माइक बंद ठेवण्याचा नियम मला भयंकर आवडला. २०२०ची क्लीव्हलंडची पहिली डिबेट आठवा, ख्रिस वॉलेस बिचारा हेडमास्तरसारखा ओरडत होता आणि कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. माइक बंद असला की माणूस एकटा पडतो आणि त्याच्याकडे खरोखर काय आहे ते दिसतं. २७ जून २०२४ला अटलांटात सीएनएनवर हेच झालं. बायडन आजोबा बोलता बोलता अडखळले, वाक्य कुठल्या कुठे गेलं, आणि शेवटी ‘आपण मेडिकेअरला हरवलं’ असं काहीतरी म्हणून थांबले. टाळ्या वाजवून सांभाळून घ्यायला हॉलमध्ये कुणी नव्हतं. २१ जुलैला त्यांनी शर्यत सोडली. डिबेटने काही बदलत नाही म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावं.

सप्टेंबरमध्ये कमलाताईंनी सुरुवात झकास केली. स्वतः चालत ट्रम्पच्या पोडियमपर्यंत गेल्या, हात पुढे केला, नाव सांगितलं. पण नंतर म्युअरचा पहिलाच प्रश्न आला: चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची स्थिती आज बरी आहे का? (रीगन यांनी १९८० साली कार्टरबरोबरच्या डिबेटमध्ये प्रेक्षकांना विचारलेला हाच तो प्रश्न.) हो किंवा नाही, एवढंच उत्तर होतं. कमलाताईंनी सुरुवात केली ती आपण मध्यमवर्गीय घरात कसे वाढलो तिथून. आमच्या स्टेटस मीटिंगमध्ये कुणी ‘रिलीज वेळेवर जाणार का’ असं विचारल्यावर ‘मी एका लहान गावातून आलो’ असं सुरू केलं, तर क्लायंट फोन ठेवेल. ज्या बाईने सरकारी वकील म्हणून आयुष्यभर साक्षीदारांना ‘हो की नाही ते सांगा’ म्हटलं, तिने स्वतः असं करावं हे मला खटकलं. किराणा महाग झाला होता हे एडिसनच्या पटेलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तेवढं कबूल करून पुढे गेल्या असत्या तर काही बिघडलं नसतं.

तात्यांची बाजू तर विचारूच नका. आरोग्यविम्याबद्दल विचारलं, इतकी वर्षं तुम्ही नवीन योजना आणतो म्हणताय, ती आहे का? उत्तर आलं, माझ्याकडे योजनेच्या संकल्पना आहेत! आपल्या धंद्यात याला ‘पीपीटी तयार आहे’ असं म्हणतात. म्हणजे कोड एक ओळही नाही, फक्त बाण आणि चौकोन.

सूत्रसंचालक पक्षपाती होते ही ओरड झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. ट्रम्पना तिथल्या तिथे अनेकदा दुरुस्त केलं गेलं. कमलाताई मात्र ‘ट्रम्पनी महामंदीनंतरची सगळ्यात वाईट बेकारी आमच्या हाती ठेवली’ असं बोलून गेल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही. एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे बेकारी १४.८ टक्क्यांवर गेली होती हे खरं. पण ट्रम्प गेले त्या जानेवारी २०२१मध्ये ती साडेसहाच्या आत आली होती. हाती ठेवली म्हणायचं तर तो आकडा घ्यायला हवा. तरीपण शहाण्यासारखं बोलायचं तर एक आकडा ओढूनताणून सांगणं आणि शेजारी तुमचं कुत्रं खातात असं सांगणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

तर त्या वाक्याकडे येऊ. ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते कुठल्या प्रश्नाचं ‘उत्तर’ होतं हे दहातल्या नऊजणांना आठवत नाही. मी विचारून बघितलंय.

प्रश्न बॉर्डरचा होता. म्युअरने कमलाताईंना विचारलं की तुमच्या सरकारने निवडणूक सहा महिन्यांवर येईपर्यंत बॉर्डरबद्दल हालचाल का केली नाही? रास्त प्रश्न. कमलाताई म्हणाल्या, आम्ही दोन्ही पक्षांचं बिल आणलं होतं, ते ट्रम्पनी मारलं. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र त्यांनी गळ टाकला. तुम्ही एकदा ट्रम्पच्या सभेला जाऊन बघाच, लोक कंटाळून मध्येच उठून जातात! बॉर्डरचा आणि सभेच्या गर्दीचा काडीचा संबंध नाही, पण मासा गळाला लागला. म्युअर ट्रम्पना स्पष्ट विचारतोय की ते बिल तुम्ही का मारलंत, आणि तात्या म्हणतात, आधी सभांबद्दल बोलू द्या. आणि मग तिथून गाडी घसरत घसरत ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला. ते लोक कुत्री खातायत, मांजरं खातायत. म्युअरने लगेच सांगितलं की आम्ही तिथल्या सिटी मॅनेजरकडे चौकशी केली, असं काही घडल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. झालं. दुसऱ्या दिवशी गाणी, मीम्स, टी-शर्ट.

डावपेच म्हणून कमलाताईंनी कात्रजचा घाट दाखवला हे मान्य. त्या रात्री सगळे म्हणाले ताई जिंकल्या, सीएनएनच्या झटपट पाहणीतही तसंच आलं. पण या गडबडीत बॉर्डर बिलाचा प्रश्न स्टुडिओच्या फरशीवर पडून राहिला. एकीने तो सभेकडे वळवला, दुसऱ्याने कुत्र्याकडे. सुमारे पावणेसात कोटी लोक बघत होते आणि त्यातल्या कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही.

मला वाटलं, कारण ते बिल मी वाचलं होतं. म्हणजे पूर्ण ३७० पानं नाही, पण आपल्या कामाची पानं. फेब्रुवारी २०२४मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी ते तयार केलं. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, एक अपक्ष. सगळी चर्चा झाली ती बॉर्डर बंद करण्याच्या अधिकाराची आणि जादा अधिकाऱ्यांची. म्युअरने प्रश्न विचारतानाही तेवढाच उल्लेख केला. पण त्याच बिलात पाच वर्षांत अडीच लाख जादा इमिग्रंट व्हिसा होते, त्यातले ९० हजार नोकरीच्या वर्गातले. आणि एक छोटं कलम होतं की एच-वनवाल्यांची जी मुलं लहानपणी इथे येऊन ठरावीक वर्षं राहिली आहेत, ती २१ वर्षांची झाली म्हणून आईबापांच्या रांगेतून बाहेर फेकली जाणार नाहीत.

ज्यांना ग्रीन कार्ड मिळून जमाना झाला त्यांच्यासाठी थोडं गणित मांडतो. नोकरीच्या वर्गातली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. भारत आणि आइसलँड दोघांनाही तीच मर्यादा. ही डिबेट झाली त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-टू भारताची तारीख होती जुलै २०१२. माझा नंबर २०१८चा. आता कुणी म्हणेल, सहा वर्षांचाच फरक आहे. पण ही रांग वर्षाला एक वर्ष या वेगाने सरकत नाही. कधी दोन महिने पुढे, कधी वर्षभर मागे. माझी मुलगी २०३६ साली २१ची होईल. तोवर आमचा नंबर लागला नाही तर ती रांगेतून बाहेर. मग तिला स्टुडंट व्हिसा काढावा लागेल, नाहीतर ज्या देशात तिला रिक्षा कशी थांबवतात हेही माहीत नाही तिथे ‘परत’ जावं लागेल.

म्हणजे म्युअरने त्या रात्री विचारलेला प्रश्न, म्युअरला माहीत असो वा नसो, माझ्या मुलीचा होता. एच-वन हा शब्द त्या ९० मिनिटांत एकदाही आला नाही. जिथे येऊ शकला असता तिथे कुत्रं आडवं आलं. आणि आपण त्या कुत्र्यावर हसत बसलो!

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. त्या वाक्यात कुत्री आणि मांजरं यांच्यामध्ये आणखी चार शब्द होते, ते मीम्समध्ये गळाले. कोण खातायत? तर ‘जे लोक आत आले’ ते. बेकायदा आलेले असं नाही, बॉर्डरवरून उडी मारून आलेले असंही नाही. नुसते आत आलेले.

स्प्रिंगफील्ड हे साधारण ६० हजार वस्तीचं गाव. तिथे काही वर्षांत १२ ते १५ हजार हैतीचे लोक आले. कारखान्यांत, गोदामांत माणसं हवी होती म्हणून आले. गावावर ताण पडला यात शंका नाही. घरभाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या, शाळेत इंग्रजी न येणारी मुलं एकदम भरली. ज्यांचं गाव आहे त्यांनी तक्रार केली तर त्यांना लगेच वंशवादी म्हणायचं, हा कॅलिफोर्नियातल्या सुशिक्षितांचा आगाऊपणा आहे असं माझं मत. पण हे हैतीचे लोक बहुतांशी कायदेशीर होते. टीपीएस म्हणून एक तात्पुरतं संरक्षण असतं, हैतीला ते २०१०च्या भूकंपानंतर पहिल्यांदा मिळालं. कागद होते, कामाचा परवाना होता, पगारातून कर कापला जात होता. ओळखीचं वाटतंय का काही? डिबेटनंतरच्या दिवसांत त्या गावात बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन, जे रिपब्लिकन आहेत आणि स्वतः स्प्रिंगफील्डमध्ये जन्मले, त्यांना पोलीस पाठवावे लागले. आणि जे. डी. व्हान्स यांना कुणी विचारलं की हे लोक तर कायदेशीर आहेत, तेव्हा ते म्हणाले मी त्यांना बेकायदाच म्हणणार. (हे आंध्रचे जावई. उषा व्हान्स यांचे आईवडील तिथून आलेले. आपल्या लोकांना याचं केवढं कौतुक!)

माझ्या ओळखीतल्या कित्येकांचं यावर एकच पालुपद असतं. ‘अरे पण आपण वेगळे. आपण रांगेतून आलो, टॅक्स भरतो, आपल्याला कोण काही म्हणतंय?’ ट्रम्पनी जून २०२४मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की इथे पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबर ग्रीन कार्ड द्यायला हवं, तेव्हा तर पेढे वाटायचेच बाकी होते. प्रचारवाल्यांनी लगेच त्याला अटी लावून पाणी घातलं, ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

खरं सांगायचं तर ‘आत आलेले लोक’ हे प्रकरण आपल्या मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच पडू नये. आपण ते दुसऱ्या बाजूने चांगलं खेळलोय. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा पहिला मार कुणावर होता? मद्रासी म्हणून सरसकट सगळ्या दक्षिणेकडच्या लोकांवर. लुंगी आणि पुंगीची घोषणा आपल्या वडिलांच्या पिढीला पाठ आहे. टायपिस्टच्या, कारकुनाच्या नोकऱ्या हे पळवतात, अशी तक्रार होती. तक्रारीत तथ्य नव्हतंच असं मी म्हणत नाही, मराठी पोरांना खरंच नोकऱ्या मिळत नव्हत्या. पण उडप्याच्या हॉटेलवर दगड मारताना कुणी त्याचा भाडेकरार बघितला नाही. कमलाताईंच्या आई श्यामला गोपालन या तमिळ. त्या १९५८ साली बर्कलीला न जाता नोकरीसाठी माटुंग्याला आल्या असत्या तर साठीच्या दशकाअखेर त्यांनाही आपणच ‘आत आलेले’ म्हणालो असतो. ऑक्टोबर २००८मध्ये रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसेवाल्यांनी मारलं. ती पोरं हॉल तिकीट घेऊन आली होती. यापेक्षा जास्त कायदेशीर काय असतं?

म्हणून ‘आपण लीगल आहोत’ हा ताईत गळ्यात बांधून निर्धास्त झोपणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ही रेघ आपण मारलेली आहे. समोरच्याला ती दिसतसुद्धा नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही बघितलंच. २० जानेवारी २०२५ला, पहिल्याच दिवशी, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दल आदेश निघाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिला परिच्छेद वाचला, बेकायदा आलेल्यांची मुलं, आणि मान डोलावली. दुसरा परिच्छेद होता आई कायदेशीरपणे पण तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर, त्यांच्याबद्दल. म्हणजे आपणच. १९ फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्या बाळांना हे लागू होणार होतं. (तारीख पण काय, शिवजयंती!) माझ्या टीममधल्या एकाच्या बायकोला मार्चमधली तारीख दिली होती. डोहाळजेवणाच्या हॉलचं बुकिंग सोडून पठ्ठ्या दोन दिवस वकिलाच्या फोनवर. सिअ‍ॅटलच्या एका न्यायाधीशाने, तोही रीगनच्या काळात नेमलेला, तीन दिवसांत आदेश अडवला म्हणून निभावलं, आणि पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. हैतीवाल्यांचं टीपीएस काढून घेण्याचा निर्णय त्याच वर्षी जाहीर झाला, त्याच्याही कोर्टकचेऱ्या. आणि १९ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी नव्या एच-वन अर्जाला १ लाख डॉलर भरा असा फतवा आला. तो फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, पण मधल्या रात्रीत गणपतीला गावी गेलेली आणि दसऱ्याला जाणारी आपली किती माणसं मिळेल त्या भावात तिकिटं काढत होती, विमानात बसलेले खाली उतरत होते, ते आठवा. त्या रात्री एअरपोर्टवर कुणी कुत्र्या-मांजराचा विनोद केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

याचा अर्थ डेमोक्रॅट्स आपले तारणहार असाही नाही. त्यांच्या उमेदवाराला त्या रात्री संधी होती. बिलात कुणाकुणासाठी काय होतं हे सांगायला दहा सेकंद पुरली असती. त्यांनी ती दहा सेकंद सभेच्या रिकाम्या खुर्च्यांवर खर्च केली, कारण ज्यांना मत नाही त्यांच्यावर कोण सेकंद घालवणार? दोघांनी मिळून सुमारे ८० मिनिटं बोलले, त्यात आपल्या वाट्याला शून्य.

हे सगळं वाचून काहीजण म्हणतील, याला विनोदबुद्धी नाही. असेल. पुढच्या पॉटलकला मी श्रीखंड आणीन, विनोद तुम्ही करा. फक्त त्याआधी त्या डिबेटचं लिखित रूप उघडून म्युअरचा बॉर्डर बिलाचा प्रश्न शोधा आणि त्याखाली दोघांपैकी कुणाचंही त्या प्रश्नाचं उत्तर सापडतं का बघा. सापडलं तर मला जरूर कळवा, मी मुलीला वाचून दाखवीन.